जुईला पाच जणांनी धरलं

हे लिहायला बसले ते एका आईमुळे. दवाखान्याच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर छोटी मुलगी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तीन अक्षरं: एमसीयू. तिनं विचारलं, "ताई, काय करतात हो यात? दुखतं का?" मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मी म्हणजे ती बाई, जिचा आवाज आमच्या घरातून थेट रस्त्यापर्यंत जातो असं माझे सासरे चारचौघांत सांगतात. ती बिचारी माझं तोंड बघूनच घाबरली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

तिला जे सांगता आलं नाही ते इथे सांगते. गोड करून सांगणार नाही. गोड हवं असेल तर हसऱ्या पोरांचे फोटो छापलेली रंगीत पत्रकं प्रत्येक दवाखान्यात मिळतात. मला तशा एका पत्रकानं काडीचीही मदत केली नाही.

ताप

माझी मुलगी जुई तेव्हा पाच वर्षांची होती. तिला ताप यायचा. सर्दी नाही, खोकला नाही, घसा लाल नाही, आणि ताप मात्र असा की अंगाला हात लावला तर चटका बसावा. थंडी वाजून दातावर दात आपटायचे. एकदा त्या नादात तिनं स्वतःची जीभ चावली आणि उशीवर रक्त सांडलं. आमचे नेहमीचे डॉक्टर पातळ औषध देत, चार दिवसांत ताप उतरे, पोर बागडायला लागे आणि आम्ही विसरून जात असू. सासूबाई मीठमोहरी ओवाळून टाकत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

तिसऱ्या की चौथ्या तापाला मी दवाखान्यात टेबलावर हात आपटून विचारलं, "हा ताप येतो कुठून ते सांगा, नाहीतर मी इथून उठत नाही." डॉक्टर चिडले, पण त्यांनी लघवी तपासायला पाठवली. लघवीत जंतू निघाले. मग पोटाची सोनोग्राफी झाली. ती तपासणी अगदी साधी. पोटावर गार जेल लावतात आणि वरून यंत्र फिरवतात. जुई गुदगुल्या होऊन खिदळत होती. यंत्र फिरवणारे डॉक्टर मात्र डाव्या बाजूला परत परत जात होते. शेवटी म्हणाले, "डावी किडनी उजवीपेक्षा लहान दिसतेय. आणि थोडी फुगलेली आहे. मुलांच्या सर्जनना दाखवा."

मी जिन्यात बसले. नवऱ्याला फोन लावला आणि म्हटलं, "पंप सोड आणि ये."

निदानाचा दिवस

माझा नवरा संदेश पंप दुरुस्त करतो. वसईत निर्मळपासून पापडीपर्यंत ज्याच्या वाडीत विहीर आहे त्याला संदेश ठाऊक आहे. मी गोखिवऱ्याची. वडील कोकणातून नोकरीसाठी आले आणि तिथल्या फ्लॅटमध्ये स्थिरावले. आजही मी गोखिवऱ्याच्याच एका प्लास्टिकच्या कारखान्यात हिशेब बघते. वाडीतल्या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासरची बोली कळायलाच मला वर्ष लागलं. अजूनही ते माझ्याशी बोलताना आपली बोली सैल करून बोलतात. भांडताना मात्र करत नाहीत.

वसईतल्या सर्जन डॉक्टरमॅडम शांत होत्या. त्यांनी कागदावर दोन किडन्या काढल्या, त्यांच्यापासून खाली येणाऱ्या दोन नळ्या आणि तळाशी लघवीची पिशवी. म्हणाल्या, "लघवी वरून खाली यायला हवी. पिशवीच्या तोंडाशी नळी अशी बसलेली असते की खाली आलेलं वर जात नाही. जुईच्या डाव्या बाजूचं तोंड सैल असावं. ती लघवी करते तेव्हा पिशवी आवळते आणि लघवी उलटी वर चढते. जंतू घेऊन चढते. म्हणून ताप."

संदेश म्हणाला, "म्हणजे फूट व्हॉल्व गेलाय."

विहिरीत सोडलेल्या पाइपच्या टोकाला एक झडप असते. वर चढलेलं पाणी ती परत खाली जाऊ देत नाही. मॅडमना आधी कळेना. मग त्याने हातवारे करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर. फक्त दिशा उलटी."

आता दोन तपासण्या करायच्या होत्या. सोनोग्राफीत किडनीचा आकार दिसतो, पण लघवी उलटी चढते की नाही ते खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी एमसीयू. लघवीच्या जागेतून बारीक नळी घालून पिशवी औषधी पाण्यानं भरायची, मग मुलीनं तिथेच, टेबलावर, लघवी करायची आणि त्याच वेळी एक्स-रेवर बघायचं. दुसरी डीएमएसए. त्यात हाताच्या शिरेतून औषध देऊन किडनीचा किती भाग जिवंत आहे ते बघतात.

"एमसीयू टाळता येणार नाही का?" मी विचारलं.

"काही मुलांमध्ये थांबून बघतो. हिची किडनी आत्ताच लहान आहे. किती वर चढतंय ते न बघता मी थांबले आणि आणखी दोन ताप आले, तर ही किडनी जाईल." मग त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, "ही लघवी दाबून ठेवते का?"

मी ठामपणे म्हटलं, "नाही."

खुर्चीत पाय हलवत बसलेली जुई म्हणाली, "मी ठेवते ना. हार होईपर्यंत मी उठतच नाही. आजी म्हणते मी सगळ्यात शाणी."

देवाची फुलं

हे आमच्या घराबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. सासरी केळी, भाजी आणि फुलं आहेत. मोगरा, चाफा, अबोली. देवळातला संध्याकाळचा हार आमच्या घरून जातो. सासूबाईंच्या सासूबाई तो करत होत्या, मग सासूबाई करायला लागल्या. अंघोळ करून, धुतलेलं नेसून पाटावर बसायचं. एकदा बसलं की हार पुरा होईतो उठायचं नाही. मध्ये लघवीला गेलात तर फुलांना पुन्हा हात लावायच्या आधी पुन्हा अंघोळ. म्हणून कुणी जातच नाही. दाबून बसतात. दुपारभर बसतात. न उठणं हा त्यांच्यात मोठेपणा आहे, आणि त्या मोठेपणात माझी पोर बालवाडीत असल्यापासून मांडी घालून बसत होती, कळ्या निवडून आजीच्या हातात देत होती. मी त्या वेळी कारखान्यात. शाळेत नाही, बाहेर नाही, घरात, आजीच्या मांडीला मांडी लावून ती कळ सोसायला शिकत होती.

मॅडमनी समजावून सांगितलं होतं की दाबून ठेवल्यानं झडप सैल होत नाही, ती जन्मापासून तशी असते. पण गच्च भरलेली पिशवी जोरानं वर ढकलते आणि साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. हे मला नीट कळलं होतं. रिक्षात बसून मी स्वतःला दोनदा समजावलं, की सासूबाईंना काय माहीत, त्यांचा काय दोष.

घरी आले. पडवीत सासूबाई पाटावर बसल्या होत्या. समोर टोपली, टोपलीत मोगरा. आम्हाला बघून त्या जुईला म्हणाल्या, "आली का माजी शाणी? जा, अंगावर पाणी घे नि बस, आज उशीर झालाय."

मी टोपलीला लाथ मारली.

टोपली भिंतीवर आदळली आणि मोगरा अंगणभर उडाला. मला आजही त्याचा पश्चात्ताप नाही. सासूबाईंनी जवळचा पाण्याचा तांब्या उचलून मला फेकून मारला. तो खांद्याच्या हाडावर बसला आणि माझा हात बधिर झाला. "देवाच्या फुलांना पाय लावते! रांडे, देवाच्या फुलांना!" त्या किंचाळत होत्या. मी ओरडत होते, "तुमच्या हारापायी माझ्या पोरीची किडनी मरतेय!" जुई कोपऱ्यात कानात बोटं घालून बसली होती.

सासरे वाडीतून धावत आले. हातात केळीचे घड उतरवायचा कोयता होता. संदेशनं त्यांना सगळं सांगितलं, तपासणीचंही. नळीचं ऐकलं तसे ते उसळले.

"खालून नळी? पोरीच्या जातीला? पुरुषांच्या समोर?"

"बाबा, डॉक्टर आहेत ते."

"कोण का असेना. आनि काय बिघडलंय? फूट व्हॉल्व गळला तर विहिरीचं पानी विहिरीत जाते. कोणाची विहीर मरते त्यानं? पोरीच्या पोटातलं पानी पोरीच्याच पोटात!"

पन्नास वर्षं विहिरीवर काढलेला माणूस. त्यांच्या जागी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग मी म्हटलं, "विहिरीत घाण पाणी परत सोडा की. प्याल?"

त्यांनी कोयता उगारला. माझ्यावरच, असं मी म्हणते. ते म्हणतात खांबावर. संदेशनं मध्ये हात घातला. पातं त्याच्या तळहातावरून गेलं आणि खांबात रुतलं. रक्त फुलांवर पडलं. संदेशनं दुसऱ्या हातानं बापाची गचांडी धरली, त्यांना भिंतीवर आपटलं आणि म्हणाला, "पोर माझी हाय. तपासनी होनार." तो कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही, पण सासऱ्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले होते.

तळहाताला टाके पडले. सासरे माझ्याशी बोलायचे थांबले. त्या दिवशी देवळात हार गेला नाही.

टेबल

आता एमसीयूबद्दल. बाकावरच्या त्या बाईला मला हे सांगायचं होतं.

लघवीत जंतू नाहीत याची खात्री करूनच तपासणी करतात, आणि आदल्या दिवसापासून औषध सुरू ठेवतात. संदेशनं जुईला वाटेत सांगितलं, "फक्त फोटो काढायचाय." मला आवडलं नव्हतं, पण रिक्षात भांडण नको म्हणून मी गप्प बसले.

खोली गार. मध्ये उंच टेबल, वर मोठं यंत्र. आम्हाला शिशाचे जड एप्रन घातले. जुईची चड्डी काढायला नर्सनं हात लावला आणि तिला कळलं की हा फोटो नाही. तिनं नर्सच्या पोटात लाथ घातली. संदेशनं खांदे धरले, मी एक गुडघा, आयामावशींनी दुसरा. नर्स नळी घालत होती, आणि यंत्र चालवणाऱ्या मुलानं येऊन कंबर दाबली. पाच जण. पाच मोठी माणसं आणि एक एवढंसं अंग. तिनं संदेशच्या मनगटाला असे दात लावले की ते व्रण आठवडाभर राहिले. नळी एकदा चुकली. दुसऱ्यांदा गेली. ती ज्या आवाजात किंचाळली तो आवाज मी तोवर फक्त एकदा ऐकला होता, शेजारच्या वाडीत डुक्कर कापताना.

मी "झालं गं, झालं" म्हणत होते आणि काहीच झालेलं नव्हतं.

पिशवी भरू लागली. पडद्यावर तळाशी एक पांढरा गोळा मोठा होत होता. मग मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या, "आता तिला सू करू द्या."

ती करेना.

यंत्रवाला मुलगा म्हणाला, "बेटा, कर दे ना, जल्दी छुट्टी." नर्सनं नळ सोडला, पाण्याचा आवाज केला. आयामावशींनी मांड्यांवर कोमट पाणी ओतलं. जुईचे ओठ पांढरे पडले होते, कपाळावर शिरा उभ्या होत्या. तिचं पोट माझ्या हाताखाली दगडासारखं लागत होतं. ती म्हणाली, "बिछान्यात करत नाहीत. सगळे बघतायत. मी उठणार नाही, मी बसून राहीन." आणि मग भिंतीकडे मान करून ओरडली, "आजी, सांग ना यांना, मी शाणी आहे!"

मी तिचा गुडघा सोडला नाही. सोडला असता तर नळी पुन्हा घालावी लागली असती. नळ चालू, यंत्राची घरघर, पोर घामानं ओली, आणि आम्ही सगळे त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत उभे. तिनं किती वेळ धरलं मला माहीत नाही. शेवटी तिचं अंगच हरलं. ती आतून फाटल्यासारखी ओरडली आणि टेबल भिजलं.

पडद्यावर डाव्या बाजूला एक पांढरी रेघ निघाली. वर चढली, चढता चढता जाड झाली, वाकडी झाली आणि किडनीत जाऊन फुगली. उजव्या बाजूला काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, "चौथी पायरी. पाचपैकी. पाचवी सगळ्यात वाईट."

संदेशनं टाके पडलेल्याच हातानं भिंतीवर ठोसा मारला. टाके उसवले. आयामावशींनी न बोलता एका हातानं त्याला कापूस दिला आणि दुसऱ्या हातानं जुईखालची ओली चादर काढून तिला कोरड्या टॉवेलात गुंडाळलं. त्या खोलीत प्रेमानं केलेली तेवढी एकच गोष्ट झाली आणि ती मी विसरणार नाही.

गप्प पोर

नंतर लघवी करताना आग होते. दोनेक दिवस ती भीतीनं लघवीच करत नव्हती. कोमट पाण्याच्या टबात बसवलं आणि त्या पाण्यातच करू दिलं की बरं जातं, हे लक्षात ठेवा. टबात केली म्हणून कुणी रागावू नका.

मला भीती आगीची नव्हती. पोर गप्प झाली होती. मारकुटी, बोलघेवडी, माझ्याच वळणाची पोर. आता जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. ताप उतरून काही आठवडे गेल्यावर डीएमएसएसाठी मुंबईला नेलं. सुई बघून शेजारची पोरं आरडाओरडा करत होती. जुईनं बाही वर केली, हात पुढे धरला आणि दुसरीकडे बघत राहिली. औषध किडनीत पोचेपर्यंत बाहेर बसायचं होतं, बसली. मग यंत्राखाली न हलता पडून राहायचं होतं, राहिली. तिथले टेक्निशियन कौतुकानं म्हणाले, "किती गुणी मुलगी आहे." मला त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं.

चित्रात उजवी किडनी भरलेली होती. डावीचा वरचा भाग विझलेला. तो परत येणार नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. खालचा भाग चांगला होता आणि तो वाचवायचा होता. रोज थोडं औषध, दर दोन-अडीच तासांनी लघवी, आणि दुर्बिणीतून नळीच्या तोंडाशी इंजेक्शन देऊन ते घट्ट करायचं. नाही जमलं तर मोठं ऑपरेशन.

घरात

घर लगेच शहाणं झालं नाही. सासरे वेगळे जेवायला बसायचे. मी वाढलं तर ताट सरकवायचे. सासूबाईंशी माझं शब्दाचंही येणंजाणं नव्हतं. खांदा दुखायचा तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यासमोर मलम चोळत बसायची.

एके दुपारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन घरी आले. पडवीत हाराचं काम चालू होतं आणि जुई पाटावर होती. माझं डोकं फिरलं. मी चपला न काढताच आत घुसणार, तेवढ्यात सासूबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "चल, उठ. जाऊन ये."

"नको आजी. हार राहिलाय."

"हार राहू दे. ऊठ म्हनते ना!" आणि त्यांनी तिला दंडाला धरून अक्षरशः फरफटत मोरीत नेलं. परत आणली, तिचे हात धुतले, अंघोळ न घालता पाटावर बसवली आणि कळ्या पुढ्यात टाकल्या. मी दारात उभी आहे हे त्यांना माहीत होतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. तुला मधी पडायचं काम नाय."

आमच्यात तेवढाच समझोता झाला. भांडणं अजून होतात.

इंजेक्शन भूल देऊन झालं. सगळ्यात सोपं तेच. सकाळी नेली, संध्याकाळी घरी. भुलीतून उठताना ती मात्र हातपाय झाडत ओरडली, "सोडा, सोडा मला," आणि तिथल्या नर्सना वाटलं भुलीमुळे असेल.

मग मॅडमनी सांगितलं की तीन महिन्यांनी एमसीयू पुन्हा करावी लागेल. तोंड घट्ट झालं की नाही हे बघण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही. काही ठिकाणी एक्स-रेऐवजी सोनोग्राफीवर करतात, पण नळी टळत नाही. घट्ट झालं नसेल तर पोट उघडायचं.

पुन्हा तेच टेबल

या वेळी मी संदेशला बजावलं, "फोटो म्हणालास तर तुझा दुसरा हात मी कापीन." आणि जुईला समोर बसवून सगळं सांगितलं. नळी कुठून जाणार, किती दुखणार, पाणी भरल्यावर काय वाटणार, टेबलावर का करायची. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "परत धरणार?"

"तू हललीस तर धरावं लागेल."

"आणि नाही हलले तर?"

"तर कुणी हात लावणार नाही."

तपासणीच्या दिवशी संदेश बाहेर बसला. तिनंच बसवला. खोलीत गेल्यावर ती स्वतः टेबलावर चढली आणि म्हणाली, "नर्स सोडून कोणी हात लावायचा नाय." कित्येक महिन्यांनंतर तिचा तो आवाज ऐकला, माझाच आवाज. यंत्रवाला मुलगा हसला. काचेपलीकडून मॅडम म्हणाल्या, "हसू नका. हात मागे घ्या सगळ्यांनी." आम्ही शाळेतल्या मुलांसारखे हात पाठीमागे बांधून उभे राहिलो.

नळी जाताना ती रडली. मोठ्यानं रडली, यंत्रवाल्याला हिंदीतून शिव्याही दिल्या. कुठे शिकली देव जाणे. मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखांनी तळव्यातून रक्त आलं, पण पाय जागचे हलले नाहीत. माझे हात पाठीमागे एकमेकांना ओरबाडत होते. पिशवी भरली. मॅडम म्हणाल्या, "जुई, तुला हवं तेव्हा." तिनं डोळे मिटले. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी फक्त पडद्याकडे बघत होते.

पाणी वाहिल्याचा आवाज आला. पांढरा गोळा लहान होत गेला. डाव्या बाजूला मी रेघ शोधत होते. आता निघेल, आता चढेल. गोळा संपला. पडदा काळाच राहिला.

"वर काही गेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पोट उघडायची गरज नाही. राहिलेली किडनी वाचली."

मी टेबलाला धरून वाकले, जुईला कवेत घ्यायला हात पुढे केले, आणि तिनं माझ्या कानाखाली सणसणीत लगावली. सगळं अंग एकवटून. नर्स ओरडली, "अगं ए, आई आहे ना ती!"

"त्या दिवशी का धरलंस?" जुईचे डोळे रागानं भरले होते.

"तुझी किडनी मरत होती, जुई."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस. मी झोपले असते." तिनं हात पुन्हा उगारला. मी गाल तसाच पुढे ठेवून उभी राहिले. तिचा हात वरच थांबला, मग तिनं तो खाली घेतला आणि म्हणाली, "चड्डी दे. मी घालते माझी."

बाहेर संदेशनं आधी माझा गाल बघितला, पाच बोटं उमटलेला, आणि त्याचा चेहराच उतरला. "काय झालं? वाईट आलं का?"

"पोर परत आली," मी म्हटलं, आणि रिक्षात बसेपर्यंत तो गाल मी झाकला नाही.